कोपरवाले सार्विदी

आमच्या गल्लीत पाक सार्विदींचं, म्हणजे सार्विदीरावांचं, तोंड टीव्हीवर कुणी पाहिलेलं नव्हतं. कोपर मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं. दर गुरुवारी संध्याकाळी चार वाजता, अकरा वर्षं, न चुकता.

त्याचं असं की, आमच्या सोलो शहराच्या वाहिनीवर 'या, बसा' नावाचा कार्यक्रम लागतो. त्याचे यजमान विग्न्यो. मोठे व्हायोलिनवाले. क्रोंचोंग नावाच्या आमच्या जुन्या गाण्यांत त्यांचा हात धरणारा अख्ख्या मध्य जावात दुसरा नाही, असं म्हणतात. म्हणजे ते स्वतःच म्हणतात. दर आठवड्याला एका गायकाला नाहीतर वादकाला बोलवायचं, सोफ्यावर बसवून गप्पा मारायच्या आणि मग त्याच्याबरोबर दोन गाणी वाजवायची, असा तो बेत. सगळं थेट, जसं घडेल तसं दिसणार. मागे सहा वादकांचा ताफा, आणि त्यात चेलो सार्विदींचा. आमच्याकडे चेलो गजानं वाजवत नाहीत. मांडीशी धरून बोटांनी छेडतात, डुंग-टक, डुंग-टक, ढोलकीचा भाऊ असल्यासारखा.

आता विग्न्योंची पगडी. ती असते हातभर रुंद. त्यांचा सोफा नेमका सार्विदींच्या पुढ्यात. त्यामुळे कॅमेरा कुठूनही वळवा, सार्विदींचं तोंड पगडीमागे आणि उजवं कोपर पगडीबाहेर. गल्लीतली पोरं त्यांना पाक कोपर म्हणायची. गल्लीप्रमुख पाक कासिदी वयानं आणि पदानं भारदस्त माणूस, पण तेही एकदा बोलून गेले, "सार्विदी, गेल्या गुरुवारी तुमचं कोपर जरा उतरलेलं दिसलं. तब्येत बरी आहे ना?"

सार्विदी हसून घ्यायचे. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, सकाळभर बाटिकच्या कापडावर उमटवायचे तांब्याचे ठसे करायचा, दुपारी चेलोच्या तारा पुसायचा. तारा म्हणजे काय, मासे धरायची जाड दोरी. ती उत्तम वाजते, आणि कुठलीही तार तुटली की चौकातल्या गळवाल्याकडे मिळते. असल्या माणसाला कसला आलाय राग? पण सगळं हसण्यावारी गेलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. काटा घरात होता.

सार्विदींची बायको गल्लीच्या तोंडाशी लिवेत भाताची गाडी लावते. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर दुधीसारख्या चायोतेची भाजी, कोंबडीचे धागे आणि दाट साय, केळीच्या पानावर. हाताला चव अशी की माणसं स्टेशनापासून चालत येतात. जीभही तशीच, तिखटाला कमी नाही. गाडीवर एक छोटा टीव्ही ठेवलेला, गिऱ्हाइकं रमावीत म्हणून. पण गुरुवारी चार वाजले की ती बाई पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसायची.

"बघत का नाहीस, बुने?" सार्विदी विचारायचे. बुने म्हणजे पोरांची आई. आमच्याकडे नवरे बायकोला तेवढंच म्हणतात, आणि बायका नवऱ्याला पाकने, पोरांचा बाप.

"काय बघू? तुमचं कोपर घरात फुकट दिसतं. भिंतीला टेकवून टेकवून पोपडे काढलेत त्यानं."

पण एका गुरुवारी ती मनातलं बोलली. त्या कार्यक्रमाला एक रीत आहे. शेवटी पाहुण्यानं सलाम सांगायचे. घरच्यांना, शेजाऱ्यांना, मित्रांना, नाव घेऊन. लोक गाण्यासाठी थांबत नाहीत एवढे सलामासाठी थांबतात. समोरच्या बू जुमिराच्या, म्हणजे जुमिराबाईंच्या, भाच्याच्या मित्रानं एकदा बासरी वाजवली आणि बू जुमिराला सलाम सांगितला, तर त्या बाईनं पुढचे दोन महिने गल्लीत पाय जमिनीला लावला नाही. रोज गाडीवर येऊन भात खाता खाता सांगायची, "टीव्हीवर माझं नाव आलं तेव्हा मी नेमकी काकडी चिरत होते हो."

त्या रात्री ताट वाढताना सार्विदींची बायको म्हणाली, "पाकने, तुम्हाला कधी मिळणार बोलायला?"

"मी वादक. पाहुणा नाही."

"मिळालं तर मला सलाम सांगा. पण माझ्या नावानं. 'बू सार्विदी' नको. ते विजेच्या बिलावर येतं, बारशाच्या पत्रिकेवर येतं, दवाखान्याच्या चिठ्ठीवर येतं. चौतीस वर्षं मी तुमचंच नाव लावून फिरतेय. माझं नाव काय आहे, आठवतं तरी का?"

"हे काय विचारणं झालं!"

"मग सांगा."

सार्विदींना ठसका लागला. आठवत होतं हो, चांगलं आठवत होतं. पण आमच्याकडे बायकोला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे भर बाजारात लुंगी सुटण्यासारखं. लग्न ठरल्यावर चिठ्ठीत लिहिलं होतं तेवढंच. ती हसली नाही. ताट उचलून आत गेली, आणि सार्विदींच्या मनात ते कायमचं टोचत राहिलं. तेव्हापासून दर गुरुवारी पाहुणा सलाम सांगू लागला की सार्विदींचा घसा आपोआप खाकरायचा, जणू पुढचा नंबर त्यांचाच.

आणि एके दिवशी खरोखरच नंबर लागला.

त्या गुरुवारी पाहुण्या होत्या सालातिगाच्या बू वार्सिया. जुन्या गायिका, पंच्याहत्तरीच्या. चारला पाच मिनिटं कमी असताना कार्यक्रम सांभाळणारी रेत्नो, कानाला यंत्र लावलेली बारकी बाई, पांढरीफटक होऊन आत आली.

"येत नाहीत त्या!"

"म्हणजे? आजारी?" विग्न्यो पगडी सावरत उठले.

"नाही. वाटेत लग्न लागलंय. रस्ताभर मांडव. गाडी थांबली, लोकांनी ओळखलं, एक गाणं म्हणा म्हणाले. नाही कसं म्हणायचं? आता तिसरं चाललंय. आणि जेवल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे."

ताफ्यातल्या कुणालाही यात नवल वाटलं नाही. मांडवातून न गाता निघून गेल्या असत्या तर वाटलं असतं.

"आपल्यातल्याच कुणाला तरी बसवा," विग्न्यो म्हणाले. "माझ्यासमोर बसायला फार काही लागत नाही."

ते खरंच होतं. पण बसणार कोण? रेत्नो गिटारवाल्याकडे वळली. तो म्हणाला, "छे छे, मी लहान. बासरीवाले आहेत ना." बासरीवाले म्हणाले, "मी कसला? माझ्या आधी बासवाले." बासवाल्यांनी दोन्ही हात जोडून सार्विदींकडे केले, "वडीलधारे असताना आम्ही कसे?" आता सार्विदींच्या पुढे कुणी वडील उरलं नव्हतं. मागे भिंत होती.

इथे त्यांची खरी पंचाईत झाली. मन म्हणत होतं, उडी मार! पण एका शब्दात 'हो' म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट समजला जातो. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा नाइलाजानं मान हलवायची, ही पद्धत.

"नको नको, मी कसला पाहुणा," सार्विदी म्हणाले, आणि लगेच त्यांच्या मनात आलं. ही पोरगी शहाणी निघाली आणि खरंच नको समजली तर? दुसरं 'नको' ओठावर आलं, तेवढ्यात रेत्नोनं त्यांच्या बाटिक सदऱ्याच्या गळ्याला छोटा माइक टोचला, खांद्याला धरून सोफ्यावर ढकललं आणि म्हणाली, "पाक, तीन मिनिटं आहेत, नखरे नंतर करा."

त्या पोरीचं भलं होवो.

चार वाजले. दिवे लागले. पगडीच्या पलीकडे, उजेडात, भुवया वर करून बसलेले सार्विदी साऱ्या शहराला दिसले. मी त्या वेळी गाडीपाशीच उभा होतो. गल्लीत एवढा आरडाओरडा झाला की पाक कासिदी धावत बाहेर आले. त्यांना वाटलं आग लागली. सार्विदींच्या बायकोच्या हातातलं तांदळाचं सूप कलंडलं. तिनं पाठ फिरवली नाही.

"तर पाक सार्विदी," विग्न्योंनी सुरुवात केली, "चेलोकडे कसे वळलात? काय सांगणार म्हणा तुम्ही, लाजाळू माणूस. मीच सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. पण सांगितलं ते स्वतः व्हायोलिनकडे कसे वळले ते. दुसरा प्रश्न होता, "तुमच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग?" त्याचंही उत्तर विग्न्योंनीच दिलं, प्रसंग जाकार्तात घडला होता आणि त्यात सार्विदी नव्हते. सार्विदी मान हलवत होते. समोर वाफाळता गोड चहा ठेवलेला. घशाला कोरड पडलेली. पण यजमानानं 'घ्या' म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, आणि यजमानाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. चहा निवला. त्यावर साय धरली.

सार्विदींना त्याचं काही नव्हतं. त्यांचं सगळं चित्त शेवटच्या दोन मिनिटांवर. मनातल्या मनात ते एकच वाक्य घोकत होते. मध्ये चेलो घेऊन दोन गाणी झाली, ती कशी वाजली हे त्यांना आजही सांगता येत नाही.

"आणि आता," विग्न्यो म्हणाले, "सलाम! कुणाला सांगणार, पाक?"

झालं. कॅमेरा सरळ तोंडावर. तोंड उघडलं, आणि सार्विदींच्या पोटातली साठ वर्षांची शिस्त जागी झाली. आधी बायकोचं नाव? सगळ्यांच्या आधी? लोक काय म्हणतील? वडीलमाणसं राहिली बाजूला आणि हा म्हातारा बायकोचं नाव घेऊन मोकळा झाला! मानाप्रमाणे जायला हवं. वरून खाली. बायको शेवटी, तीच शोभा.

"माझा सलाम," ते खाकरून म्हणाले, "वाहिनीच्या संचालकांना. आणि त्यांच्या कुटुंबाला. मग कार्यक्रमाला मदत करणाऱ्या काढेवाल्या कंपनीच्या मालकांना. पाक विग्न्योंच्या मातोश्रींना, त्यांना दीर्घायुष्य लाभो. माझ्या गुरूंच्या पत्नींना. आमच्या वॉर्डप्रमुखांना. गल्लीप्रमुख पाक कासिदी यांना सहकुटुंब."

गाडीपाशी पाक कासिदींनी सदरा नीट केला.

"क्लातेनला माझे थोरले बंधू. थोरल्या वहिनी. मधले बंधू. मधल्या वहिनी, त्यांचे गुडघे बरे होवोत..."

रेत्नोनं कॅमेऱ्यामागून दोन्ही पंजे दाखवले. दहा सेकंद. पण सुरू केलेली रांग मध्येच तोडायची तर ज्याच्यापाशी तोडली त्याचा जन्मभराचा अपमान.

"गल्लीतले एक्याण्णव वर्षांचे म्बाह कार्तो. बू जुमिरा. त्यांचे यजमान. त्यांच्या सासूबाई..."

पाच बोटं. तीन.

"आणि घरी माझी—"

"आणि समस्त रसिक प्रेक्षकांना! वा!" विग्न्यो गरजले, आणि व्हायोलिन खांद्याला लावलं.

संपलं. गल्लीत मात्र जल्लोष. ज्याचं त्याचं नाव आलेलं. बू जुमिरा तर सासूला मिठी मारून रडत होती. कुणाचं नाव राहिलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. सार्विदींच्या बायकोनं भाताचं झाकण उघडलं, पळी आत घातली आणि ढवळू लागली. भात ढवळायचा नसतो, गिचका होतो. हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तिकडे सार्विदी उठून कसेबसे आपल्या जागी पोचले. शेवटच्या गाण्याला ताफा लागला होता. पडद्यावर नावं सरकू लागली. डुंग-टक, डुंग-टक. बोटं आपोआप चालत होती आणि माणूस आतून जळत होता. अरे गाढवा, अकरा वर्षांत एकदा संधी आली आणि तू मधल्या वहिनीचे गुडघे सांगत बसलास!

आता आमच्या गाण्यांत आणखी एक रीत आहे. ओळ संपली आणि दुसरी सुरू व्हायची असते, त्या मधल्या फटीत वादकांपैकी कुणीतरी आरोळी ठोकतो. 'अस्सं!' म्हणतो, 'चल पुढं!' म्हणतो, काहीही. अर्थ लागला पाहिजे असं नाही. आणि एकानं ठोकली की पुढच्या फटीत बाकीचे तीच उचलतात. पहिली ओळ संपली. फट आली. सार्विदींनी डोळे मिटले.

"लेगियेम!"

गळ्याचा माइक काढायचं रेत्नो विसरली होती. त्यामुळे ती आरोळी चेलोच्या मागून आली नाही. साऱ्या शहराच्या घराघरांतून, हॉटेलांतून, न्हाव्यांच्या दुकानांतून, थेट कानाशी आली. विग्न्योंचा गज घसरला. बासरीवाले चमकले. पण सवय ती सवय. दुसरी फट आली आणि सहाच्या सहा जणांनी, कोण लेगियेम, कुठली लेगियेम, काही न विचारता एका सुरात उचललं, "लेगियेम!" तिसऱ्या फटीत विग्न्योही सामील झाले. त्यांना वाटलं, चांगलं वाटतंय, आपणच सुचवलं असणार.

घरी परतताना सार्विदींची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली आणि ते खाली उतरले. भर शहरात बायकोचं नाव सात माणसांच्या तोंडी दिलेलं. ती पळी फेकून मारणार यात शंका नव्हती. फक्त गरम की गार, एवढाच प्रश्न.

आधी गल्ली आडवी आली. पाक कासिदींनी हात हातात घेतला. म्बाह कार्तोंच्या, म्हणजे कार्तोआजोबांच्या, मुलानं मात्र तोंड वाकडं केलं, "बाबांच्या आधी कासिदींचं नाव घेतलंत. बाबा एक्याण्णव, ते सत्तर." सार्विदींनी त्याची तीनदा माफी मागितली. मग बू जुमिरानं त्यांना बाजूला ओढलं.

"पाक, ही लेगियेम कोण हो? मी म्हटलं, काय हा माणूस, म्हातारपणी टीव्हीवर बाई बोलावतो! मी तुमच्या बायकोकडे बघितलं, म्हटलं आता ही बेशुद्ध पडणार. तर काय!"

"काय?"

"तुमचा तो ओरडा आला आणि ही ताडकन उभी राहिली. हातातली पळी भातात, आणि केवढ्यानं म्हणते, 'ओ!' टीव्हीला ओ दिली हो तिनं! शाळेतल्या पोरीसारखी! मग सगळे ओरडले, तर हिची पुन्हा ओ. मग तोंडाला ओढणी लावून आत पळाली. चौतीस वर्षं शेजारी राहतेय मी, मला नाव माहीत नव्हतं बघा."

सार्विदी सायकल भिंतीला टेकवून आत गेले. ती पाठमोरी बसून केळीची पानं पुसत होती. एकच पान, पुन्हा पुन्हा.

"बोंबललात ते बोंबललात," ती वळून न बघता म्हणाली. "बकरी हरवली की असं ओरडतात माणसं."

"रांग फार लांब झाली गं. तुझ्यापर्यंत पोचेचना."

"जुमिराच्या सासूपर्यंत बरी पोचली."

"चुकलं माझं."

तिनं मग पान खाली ठेवलं. "आई गेली त्याला एकवीस वर्षं झाली. त्यानंतर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मला वाटलं, ते नाव तिच्याबरोबरच गेलं." तिचा आवाज फाटला, आणि तो फाटलेला कळू नये म्हणून ती लगेच खेकसली, "आता का गप्प? मारा की पुन्हा. की गळ्याला माइक लागतो?"

सार्विदींनी दाराकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. डोक्यावरची आपली छोटी पगडी काढून हातात घेतली. खाकरले.

"लेगियेम."

"ऐकू नाही आलं."

"लेगियेम!"

कुंपणापलीकडे बू जुमिरा फिदकन हसली. तिच्याबरोबर आणखी चारपाच जण हसले. मीही त्यांत होतो, लपवत नाही. आत मात्र कुणी हसलं नाही.

"ओ," ती म्हणाली. "काय काम आहे?"

"काम काही नाही," सार्विदी म्हणाले. "नुसतीच मारली."